टाकीचे टोपण

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर आणि मापात मिळाल्या तर ते चालते. एक चुकली की थांबते. चौथे कारण नाही. माझ्या धंद्याचे शास्त्र एवढ्यात संपते. हे तीन शब्द नीट समजून घेण्यात माझे आयुष्य गेले.

मी अमरावतीत मोटारींचा मिस्तरी होतो. माझी स्वतःची शेड होती, पण शेडमध्ये काम थोडे असे. पन्नास-साठच्या सुमारास गावात खाजगी गाड्या मोजक्या होत्या: डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी, संत्र्यांचे बागायतदार. गाडी बिघडली की मालक ती माझ्याकडे ढकलत आणीत नसे. माणूस पाठवी. मग मी सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून त्याच्या घरी जाई, डॉक्टर रोग्याच्या घरी जातो तसा. अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी उभी असे. बॉनेट उघडले की घरातली माणसे भोवती जमत आणि प्रत्येकजण निदान सांगे. मला त्याचा राग येई. घरी जाऊन काम करण्याचा एक फायदा आहे: गाडी कोणत्या माणसांत राहते ते दिसते. हा फायदा आहे हे मला उशिरा कळले.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, इंजिन पुढे. मध्ये एक छोटा पंप. तो टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरच्या वाटीत आणतो. वाटीच्या बाजूने हवेची वाट असते. इंजिन हवा ओढते, आणि ती वेगाने जाणारी हवा जेट नावाच्या पितळी छिद्रातून पेट्रोल उचलते. अत्तराच्या फवाऱ्यासारखे त्याचे धुके होते. ते धुके ठिणगीने पेटते. जेटचे छिद्र इतके बारीक असते की त्यातून घोड्याचा केस कसाबसा जाईल. भरलेली गाडी घाट चढते ती त्या छिद्राच्या बळावर. हे मला पहिल्यांदा समजले त्या दिवशी मी पाना खाली ठेवला आणि बराच वेळ काही केले नाही. हातात पितळेचा एवढासा तुकडा होता. तो मी उन्हाकडे धरला. पलीकडचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा दिसला. देवळात मला असे कधी झाले नव्हते.

मी काम शिकलो अकोल्यात, एका उस्तादांच्या हाताखाली. ते पिशवी उघडण्याआधी गाडी चालू करायला लावीत आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला लावून ऐकत. “पहले कान, फिर पाना,” म्हणत. मी पाना लवकर शिकलो. कान शिकलो असे मला वाटत होते.

अकोल्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती लहान आहे. कापसाच्या हंगामात एका जिनिंग कारखान्याच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या, मॅनेजरांची गाडी काळा धूर सोडू लागली आणि पेट्रोल पिऊ लागली. तीन मिस्तरी होऊन गेले होते. मी हवेच्या गाळणीचे झाकण काढले तर आत एका उशीपुरता कापूस. कारखान्याच्या आवारात उडणारी रुई गाडी रोज नाकाने ओढीत होती. मॅनेजर वाकून म्हणाले, “मिस्तरी, हा आमच्या वजनात धरायचा का?” ते हसले. मीही हसलो असेन.

दुसरी गोष्ट एका वकिलांची. त्यांची गाडी मे महिन्यात फक्त दुपारी बंद पडे. आमच्याकडच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळते. त्याची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. मी पंपावर ओला पंचा गुंडाळला. गाडी चालू झाली. वकिलांना हा उपाय इतका पटला की दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीवर चक्क वाळ्याची ताटी बांधून घेतली, घराच्या खिडकीला बांधतात तशी. जाळीतून जाणारा वारा अडला, रेडिएटरचे पाणी उकळले, आणि वकीलसाहेब कोर्टाच्या फाटकात वाफेच्या ढगातून उतरले. म्हणाले, “तुम्हीच थंड ठेवा म्हणालात.” मी म्हणालो होतो. किती, कुठे आणि कशाने, ते सांगायचे राहिले होते.

या दोन्ही गोष्टी हवेच्या आहेत. पेट्रोल आम्ही काठीने मोजत होतो, ठिणगी डोळ्यांनी पाहत होतो. हवा कुणीच मोजत नव्हते. ती फुकट असते आणि सगळीकडे असते, म्हणून ती आहेच असे धरून चालत होतो. तिसऱ्या गोष्टीत याचाच दंड मला झाला. लेखणी घेतली ती त्या गोष्टीसाठी.

अमरावतीत एक डॉक्टर होते. मूळचे मोर्शीकडच्या एका खेड्यातले, काळ्या जमिनीच्या घरातले. आठवड्यातून दोनदा ते त्या बाजूच्या गावांना जात. अडलेल्या बाळंतिणींसाठी तर कोणत्याही दिवशी निघत. त्यांच्याकडे करड्या रंगाची जुनी विलायती गाडी होती. सात वर्षे ती तुळशीराम नावाचा ड्रायव्हर चालवीत होता. उंच, सडसडीत माणूस. काम चोख. रोज सकाळी गाडी धुऊन, पुसून, शेपूट ओसरीकडे आणि नाक फाटकाकडे करून उभी करी, म्हणजे निघताना वळवण्यात वेळ जाऊ नये.

घरात डॉक्टरांची आई होती. तिला सगळे मोठीमाय म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा डॉक्टर असून ती शस्त्रक्रिया करू देत नव्हती. “दिसते तेवढं पुरे हाय,” म्हणे. दिवसभर ओसरीवर बसून चाचपून वाती वळी.

छप्पनच्या दसऱ्याला तुळशीराम रजा घेऊन नागपूरला गेला आणि त्याच्या समाजातल्या असंख्य माणसांबरोबर त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दसरा हा गाडीच्या पूजेचा दिवस. दर वर्षी हार, नारळ, कुंकू तो करी. त्या वर्षी तो नव्हता, म्हणून मोठीमाय पायरी उतरून आली आणि तिने गाडीला कुंकू लावले. पुढे ते तिने रोज चालू ठेवले. ओसरीच्या पायरीवरून तिचा हात पोचे तो गाडीच्या मागच्या अंगाला, पेट्रोलच्या टोपणावर. तिथे रोज एक लाल ठिपका असे. मी तो पाहत होतो. टोपण काढताना तो पुसला जाऊ नये म्हणून मी ते कडेने धरत होतो.

होळीच्या सुमारास गाडी रस्त्यात बंद पडू लागली.

गावात ती उत्तम चाले. मोर्शीच्या रस्त्याला लागली की दहा-बारा मैलांवर गचके देई आणि थांबे. अर्धा-पाऊण तास खटपट केली की पुन्हा चालू होई. मला पहिल्यांदा बोलावले तेव्हा मी कार्बोरेटर उतरवून साफ केला. दुसऱ्यांदा पंपाचा पडदा बदलला. तिसऱ्यांदा टाकीपासून पंपापर्यंतची नळी फुंकून काढली, ठिणगीचे प्लग नवे बसवले, पॉइंट घासले. प्रत्येक वेळी स्वतः गाडीत बसून सहा मैल जाऊन आलो. एकदाही ती थांबली नाही.

माझी एक रीत होती. कोणत्याही गाडीला हात लावण्यापूर्वी टाकीचे टोपण काढायचे आणि खाचा पाडलेली काठी बुडवून पेट्रोल मोजायचे. त्या गाड्यांचे काटे खोटे बोलत. पेट्रोल नसलेल्या गाडीचा कार्बोरेटर खोलणाऱ्या मिस्तरीला गाव हसते. मला कुणी हसलेले चालत नव्हते. म्हणून आधी टोपण. ही रीत मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे.

तिसऱ्या खेपेला तुळशीराम म्हणाला, “मिस्तरी, तिले पेट्रोल भेटून नाई राह्यलं.”

“वाटी आत्ताच पाहिली. भरलेली आहे.”

“आत्ता हाय. रस्त्यात बंद पडते तवा कोरडी असते जी. म्या सोता पाह्यली.”

“मग चालू कशाने होते?”

“थेच तं समजत नाई. वाटी खोलतो, पुसतो, पेट्रोल पाहाले मागं जातो, काठी टाकतो, हँडल मारतो. होते.”

त्याने सगळे सांगितले होते. क्रमाने सांगितले होते. मी ऐकले नाही. दवाखान्याचे कंपाउंडर ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, “पूजा सोडली यानं, म्हणून गाडी रुसली. दसऱ्यापासूनच सुरू आहे.” बिघाड सुरू झाला होता होळीला.

“गाडी मानसावानी रुसत नसते, कंपाउंडरसाहेब,” तुळशीराम म्हणाला. “मानसं रुसतात.”

त्यानंतर एका सकाळी डॉक्टर एका अडलेल्या बाईसाठी निघाले. बारा मैलांवर गाडी थांबली. ते पुढे बैलगाडीने गेले. बाई वाचली, मूलही वाचले, पण थोडक्यात. परत आल्यावर त्यांनी मला बोलावले. मी वाटी पाहिली, ठिणगी पाहिली, इंजिन चालू केले. ते शिवणाच्या यंत्रासारखे चालत होते. अंगणात डॉक्टर, कंपाउंडर, शेजारचे दोघे आणि तुळशीराम उभे होते. मोठीमाय ओसरीवर होती.

डॉक्टर म्हणाले, “आज दोन जीव वाचले. पुढच्या वेळी वाचणार नाहीत. मला एक सांगा मिस्तरी. दोष गाडीत आहे का माणसात?”

मी म्हणालो, “गाडीत दोष नाही.”

तीनच शब्दांचे ठाम उत्तर द्यावे इतके मला ठाऊक नव्हते. “मला सापडत नाही” हे खरे उत्तर होते. ते माझ्या तोंडून आले नाही. आणि कंपाउंडरांचे बोलणे मी ऐकलेच नव्हते असे नाही. संशयाला कुठेतरी बसायला जागा हवी असते. गावाने ती आधीच दाखवून ठेवली होती. मी तो तिथे बसवला.

तुळशीरामने खिशातून किल्ली काढली आणि पायरीवर ठेवली. “मंग मी जातो जी.”

डॉक्टरांनी किल्ली उचलली. मोठीमाय म्हणाली, “तुळशीराम, जेवून जाय.”

“जेवलो, मोठीमाय.”

सकाळपासून तो गाडीपाशी रस्त्यावर होता. जेवला नव्हता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा निरोप आला. आता ते स्वतः गाडी चालवीत होते. टाकी भरून मोर्शीच्या रस्त्याला लागले आणि त्याच बारा मैलांवर गाडी थांबली. बसून राहिले, पुन्हा चालू केली, दोन मैल चालली, पुन्हा थांबली. असे करीत घरी आले. मी पोचलो तेव्हा गाडी नुकतीच कडुनिंबाखाली येऊन बंद पडली होती. बॉनेट तापलेले होते. डॉक्टर हात धुवायला आत गेले. जाताना माझ्याकडे पाहिले, एवढेच. ड्रायव्हर गेला होता, दोष राहिला होता.

मी पिशवी खाली ठेवली. रीतीप्रमाणे मागे गेलो, टोपण कडेने धरले, फिरवले, काढले, काठी उचलली.

“मिस्तरी, एक इचारू?” ओसरीवरून मोठीमाय म्हणाली.

“विचारा.”

“तुमी थे टोपन काढता तवा गाडी दम काहून घेते?”

“दम कसला?”

“आत्ता घेतला नाई का! स्सूऽ करून. मांगच्या येळीबी घेतला होता, थोडासा. त्याच्या आंदीबी.”

मी म्हणालो, “पेट्रोलची वाफ बाहेर पडते. तिचा आवाज.”

“भाईर सोडते का अंदर घेते थे समजते मले. डोये गेले माहे, कान नाई गेले.” हातातली वात तिने ताटात ठेवली. “लेकराचं नाक चोंदलं का थे थानाले लागते, चार घोट ओढते अन् सोडून देते. भूक असते, दूधबी असते. पन दम घ्याले जागा नसते. मंग तोंड सोडते, दम घेते, पुन्हा लागते. तुमच्या गाडीचं तसंच होऊन राह्यलं. तुमी तिचं सारं पोट चिरून पाह्यलं. नाक पाह्यलं का?”

टोपण माझ्या हातात होते. मी ते उलटे केले.

टाकीतून पेट्रोल जितके निघते तितकी हवा आत यावी लागते. नाही आली तर टाकीत पोकळी होते, आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. उपड्या तांब्यातून पाणी गचके खात पडते तेच कारण. म्हणून टोपणाला एक छिद्र असते. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. माहीत असणे वेगळे आणि वेळेला आठवणे वेगळे. मी प्रत्येक वेळी आधी टोपण काढत होतो. काढले की हवा आत जाई, पोकळी संपे, गाडी निरोगी होई. मग मी निरोगी गाडी तपासत बसे. रस्त्यात तुळशीरामही शेवटी काठी घालायला टोपणच काढत होता. मी ज्या रीतीचा अभिमान धरला तीच रोज पुरावा पुसत होती.

मी टोपण घट्ट बसवले आणि इंजिन चालू करून ठेवले. टाकी त्याआधी डब्यातल्या पेट्रोलने काठोकाठ भरली होती, म्हणजे आत हवेला जागा थोडी. तास-सव्वा तास गाडी उभ्या जागी चालली. डॉक्टर येऊन उभे राहिले. मग इंजिनाने एक गचका दिला, दुसरा दिला आणि ते थांबले. वाटीचे झाकण काढले. कोरडी. तुळशीरामने सांगितली होती तशी कोरडी. मी मागे गेलो, टोपणाला हात घातला आणि या वेळी कान जवळ नेला. टोपण सुटले तशी गाडीने हवा ओढली. लांब, खोल. बुडता माणूस वर येऊन ओढतो तशी. आयुष्यभर इंजिनांचे आवाज ऐकले. तो एक आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो. इंजिनाची काळजी घेणारे आम्ही सगळे तिथे होतो, आणि ते महिना-दीड महिना आमच्यादेखत गुदमरत होते.

“घेतला का?” मोठीमायने विचारले.

“घेतला,” मी म्हणालो.

टोपण उन्हाकडे धरले. उजेड दिसला नाही. मोठीमायकडून सुई मागून घेतली. छिद्रातून लाल चुरा पडला. कोरडे कुंकू वाऱ्याने उडते, म्हणून ती ते खोबरेल तेलात कालवून लावत होती. रोज एक ठिपका. त्यावर रस्त्याची धूळ, त्यावर पुन्हा ठिपका. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते लाखेसारखे घट्ट झाले होते.

तिने वास ओळखला. “म्हंजे माह्या बोटानं?”

यंत्राविषयी एकदा चुकीचे बोललो होतो, पुन्हा बोलणार नव्हतो. “हो,” म्हणालो.

तिने कुंकवाचे बोट पदराला पुसले. मग म्हणाली, “मंग आता कुठी लाऊ?”

“नाकातोंडावर गंध लावत नाहीत. कपाळावर लावतात.”

“तिचं कपाळ कुठी हाय?”

“पुढे. फाटकाकडे. तिथवर तुम्हाला जाता येणार नाही.”

“बरं.” तिने वात उचलली, पण वळली नाही. “त्याले घिऊन या. बाबू गेला तं तो मालकाच्या हुकमानं येईल. तसा नोको. तुमी जा. बोलले तुमी होते.”

बाबू म्हणजे डॉक्टर. ते शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी बडनेऱ्याहून आगगाडी धरून अकोल्याला गेलो. तुळशीराम तिथे एका जिनिंगच्या ट्रकवर लागल्याचे कळले होते. आवारात गाठींचे ढीग होते आणि हवेत रुई उडत होती. तो ट्रकची काच पुसत होता. मला पाहून थांबला नाही.

“काय मिस्तरी? गाडी सुदरली वाट्टे.”

मी सगळे सांगितले. टोपण, छिद्र, कुंकू. त्याने फडके पिळले, पुन्हा पुसू लागला, मग एकदम थांबला.

“मोठीमायले सांगतलं का तुमी?”

“सांगितले.”

“कायले सांगतलं? तिले नोको होतं सांगाले.”

“तिनेच शोधून काढले. कानाने.”

तो हसला. सात वर्षांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते. “तिचे कान! माह्या पायाच्या आवाजावरून सांगे, आज उपाशी आला म्हनून.”

मी विचारले, “रोज गाडी धूत होतास. तो ठिपका पुसत का नव्हतास?”

त्याने हातातले फडके झटकले.

“नागपूरहून आलो तं तिच्या पायरीखाली उभा राह्यलो. म्हटलं, मोठीमाय, म्या धम्म घेतला. आता गाडीची पूजा माह्या हातून होनार नाई. मले वाटलं, रागानं बोलन. थे म्हने, ‘तुह्या हातून नोको होऊ दे. तुहा धरम तुले. पन त्या चाकावर तू बसतं, बापा. म्या बोट लावलं तं तुले चालन का?’ असं इचारलं तिनं मले. मालकाच्या मायनं. मले आजलोक त्या गावात कोनी असं इचारलं नव्हतं.” फडके त्याने खांद्यावर टाकले. “सारी गाडी पुसत होतो मिस्तरी. तेवढं टोपन सोडून.”

मी ट्रकच्या पायरीवर बसलो.

तिने त्याला जपण्यासाठी लावले. त्याने तिचा मान म्हणून ठेवले. मी पूजेची खूण म्हणून कडेने धरले. तीन माणसांच्या आदबीने एक टाचणीएवढे छिद्र बंद झाले होते. मी पितळ, लोखंड आणि रबर झिजताना पाहिले आहे. बिघाडाचे कारण म्हणून असे काही त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या तिघांपैकी दोघांची आदब एकमेकांसाठी होती. माझी कुंकवापुरती होती. माणसापर्यंत ती पोचली नव्हती.

“परत चल,” मी म्हणालो.

“तुमी म्हनता म्हनून?”

“मी चुकलो म्हणून.”

“हे अकोल्यात कायले सांगता?” तो शांतपणे म्हणाला. “इथं कोनी माह्यावर आळ घेतला नाई. जिथं बोलले, तिथं बोला. मंग पाहू.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. बिघाड असेल तिथेच काम करावे लागते.

पुढच्या रविवारी मी डॉक्टरांच्या अंगणात गेलो. कंपाउंडरांना बोलावून घेतले, शेजारच्या त्या दोघांनाही बोलावले. तुळशीराम फाटकाबाहेर उभा होता. मी म्हणालो, “दोष गाडीत होता. तुळशीरामात नव्हता. मी न समजता बोललो.” एवढेच. इंजिने उचलली आहेत, गिअरपेट्या छातीवर घेतल्या आहेत. त्या तीन वाक्यांइतके जड काही उचलल्याचे आठवत नाही. कंपाउंडर म्हणाले, “आम्ही कुठं काय म्हणालो होतो?” डॉक्टर फाटकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी किल्ली तुळशीरामच्या हातात दिली. त्याने ती लगेच घेतली नाही. मग घेतली. मोठीमाय ओसरीवरून म्हणाली, “आज जेवला का?” तो म्हणाला, “नाई.”

त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करू लागलो. त्याने मला थांबवले नाही.

ती गाडी पुढे नऊ वर्षे चालली. मी तिच्यासाठी अनेकदा गेलो. आता मी टोपणाला हात घालण्यापूर्वी थांबत होतो आणि कुणीतरी बोलले तर ऐकत होतो. लोक म्हणत, मिस्तरी म्हातारा झाला, वेळ लावतो.

एकदा सकाळी काही कामासाठी लवकर पोचलो. गाडी धुऊन उभी होती. तिचे नाक ओसरीकडे होते आणि शेपूट फाटकाकडे. निघताना वळवण्यात वेळ जाणार होता, पण तुळशीराम तिला आता रोज तशीच उभी करीत होता. मोठीमायला एव्हाना काहीच दिसत नव्हते. ती पायरीवर आली. बोटावर कुंकू होते, हात हवेत चाचपत होता. तुळशीराम पुढे झाला. कुंकवाला त्याने हात लावला नाही. तिच्या मनगटाला लावला, आणि हळूहळू ते बॉनेटच्या मध्यावर आणले.

“हे कपाळच हाय ना रे?” तिने विचारले.

“कपाळच हाय, मोठीमाय,” तो म्हणाला.